कच्च्या वहीतला आकडा

हवामान आणि समुद्र कार्यालयात त्यांना सगळे काटेबाई म्हणत. एकतीस वर्षं एकच काम. दर तीन तासांनी यंत्रांचे काटे वाचायचे, आकडे आधी पेन्सिलीनं कच्च्या वहीत आणि मग शाईनं पक्क्या रजिस्टरात उतरवायचे. वर्ष सरलं की कच्ची वही जाळून टाकायची, असा नियम होता. पण पहिल्या पानावर देवाचं नाव लिहिल्याशिवाय बाईंची पेन्सिल पुढं सरकत नसे, आणि देवाचं नाव आगीत घालायला हात धजत नसे. म्हणून वह्या घरी यायच्या आणि पिठाच्या डब्यामागे राहायच्या. घरच्यांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी बाईंना समितीपुढे जायचं होतं. कार्यालय व्यापार खात्याच्या हाताखालून काढून स्वतंत्र करायचं का, यावर समिती साक्षी ऐकत होती. तोवर साधा लाटेचा इशाराही खात्याचा शिक्का बसल्याशिवाय बाहेर पडत नसे. दोन वर्षांपूर्वी बाईंनी लाटेची उंची साडेचार मीटर टिपली होती. दुसऱ्या दिवशी बंदरात नव्या धक्क्याचं उद्घाटन होतं, मंत्री येणार होते. खात्यातून फोन आला आणि साडेचारचे अडीच झाले, इशारा निघालाच नाही. समुद्रावर गेलेली सात माणसं परत आली नाहीत.

"सहा महिने राहिलेत रिटायर व्हायला," नवरा चहाचा कप हातात धरून म्हणाला. "झोपलेल्या सापाच्या शेपटीवर कशाला पाय देतेस? पोरगी तुझ्याच कार्यालयात आहे, अजून कायमही झालेली नाही."

"तेवढा डबा सरकवा जरा."

"मी नाही सरकवणार," म्हणत त्यानं डबा सरकवला.

समितीच्या खोलीबाहेर कार्यालयाचे साहेब उभेच होते. "काय काटेबाई, कच्च्या वह्या जाळल्या होत्या ना?"

"नियमच आहे, साहेब."

"शाब्बास. मुलीची फाइल माझ्याच टेबलावर आहे, बरं का. आज सही करून टाकू म्हणतो."

साहेब हसले. पिशवी बाईंनी छातीशी धरली, तर आतल्या वहीचा कोपरा बरगडीला टोचला. परत फिरावं, ताप आलाय म्हणावं, असं शंभरदा वाटलं. तेवढ्यात शिपायानं हाक मारली.

समितीच्या प्रमुख एक निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. "इथं अडीच मीटर आहे. हाच आकडा होता?"

मागच्या रांगेत साहेबांची खुर्ची करकरली. मनातल्या मनात काटेबाईंनी देवाचं नाव घेतलं. मग पिशवीतून वही काढली. वहीवर पीठ होतं, ते पदरानं पुसलं. पान काढून, रोजच्या सवयीनं ओळीखाली बोट धरलं.

"साडेचार," त्या म्हणाल्या.

"मग रजिस्टरात अडीच कुणी लिहिलं?"

दोन वर्षं ज्याची भीती वाटत होती, तो प्रश्न हाच. साहेबांपेक्षा, खात्यापेक्षा या प्रश्नाचीच जास्त.

"फोन खात्याचा होता. अक्षर माझं आहे. खालची सहीही माझीच."

बाईंनी ओळीखालचं बोट उचललं नाही.

"तीन तासांनंतरचा आकडा पुढच्या ओळीत आहे," त्या म्हणाल्या. "वाचू?"