मावशीचा फोटो बघायला सोलापूरला

सोलापूरला हॉटेल बघायला कोण जातं? मी गेले. माझ्या महादेवीमावशीनं शहरातल्या त्या सगळ्यात जुन्या, मोठ्या हॉटेलात उभा जन्म भाकऱ्या थापल्या. काम सुटायच्या आधी एक कॅमेरावाला तिचा फोटो काढून गेला. मॅनेजर म्हणाले, "मावशी, हा पुढच्या हॉलात लागणार." झालं! तिनं गावात, अख्ख्या वळसंगात सांगितलं. स्वतः मात्र बघितला नाही, कारण तिची ये-जा मागच्या बोळातून. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "एकदा बगायचाय गं, डोळं हायती तवर." मी गाडी काढली.

पुण्याहून पहाटे पाचला निघालात तर टेंभुर्णीपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. मोडनिंबला चहा प्या, बरा असतो. वळसंग सोलापूरच्या पुढं, अक्कलकोट रस्त्यावर. मी आधी तिकडं गेले. मावशी ठेवणीतलं इरकल नेसून दारात तयार. शेजारची कमळव्वा ओरडली, "फोटूचा फोटू काडून आना की! आमी बी बगतो."

हॉटेलात पार्किंग फुकट आहे. गाडीतून उतरल्या उतरल्या मावशी सवयीनं मागच्या बोळाकडं वळली. मी हाताला धरून तिला पुढच्या दारानं नेलं.

आत एक अख्खी भिंत इतिहासाची. गिरणीमालकांच्या मेजवान्या, शहरातली म्हणे पहिली लिफ्ट, मंत्र्यांच्या गळ्यातले हार. गिरण्या बंद पडल्या, त्याला एक ओळ. ज्यांची चूल विझली त्यांना तीही नाही. मावशी एकेका फोटोपुढं थांबत, तोंडं न्याहाळत भिंतीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मग सगळ्यात मोठ्या फोटोपुढं उभी राहिली. त्यात भाकरी थापणारे दोन हात होते, कोपरापर्यंत. खाली लिहिलं होतं, 'आमची परंपरा'.

तिनं आपलं मनगट काचेजवळ नेलं. "ह्यो तव्याचा डाग माजाच हाय," ती म्हणाली. "मग मी कुटं हाय?"

माझं डोकंच सणकलं. मॅनेजरला बोलावलं. कोट घातलेला तरुण माणूस, बोलायला गोड. "मॅडम, ती थीम आहे. चेहरा आला की लक्ष भाकरीवरून उडतं."

"आणि नाव?"

"नाव कुणाला ओळखीचं असणार, मॅडम?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीनं माझा पदर ओढला. "ऱ्हाऊ दे. जेवून घिऊ."

थाळी साडेचारशेला. शेंगांची आमटी चांगली, चटणी मिक्सरमधली. भाकरी मोडून मावशी म्हणाली, "कडा कच्च्या ऱ्हायल्यात." तरी ताटात तुकडा टाकला नाही तिनं. तुम्ही जाणार असाल तर दुपारी एकच्या आत जा, नंतर गर्दी होते.

वळसंगात कमळव्वा वाटच बघत होती. "दिसला का गं?"

"व्हय की. लई मोटा हाय. दारासमोरच."

"तोंड कसं आलंय?"

"झ्याक," म्हणाली मावशी आणि सरळ आत गेली.

कमळव्वानं माझ्याकडं हात पुढं केला. मी फोन बंद पडल्याची थाप मारली.

घरी येऊन चार दिवस मी त्या कोटवाल्याला शिव्या घालत होते. काल या लेखासाठी फोटो निवडायला बसले. झुंबर, लिफ्ट, ती भिंत, थाळी वरून, थाळी बाजूनं. मावशी फक्त एकाच फोटोत सापडली. थाळीच्या कडेला, भाकरी मोडताना, मनगटापर्यंत.