कशामागे किती?

सुनंदाचा, म्हणजे माझ्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी डिंडोलीच्या घरी मेथी निवडत होते. "आक्का, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी मेथी निवडून संपवली, फडक्यात गुंडाळली आणि मग गोडादऱ्याला, त्यांच्या घरी निघाले. रिक्षात बसल्यावर रडू आलं. प्रकाश माझा धाकटा भाऊ. मूत्रपिंडं निकामी झालेली, आणि हृदय इतकं दमलेलं की डायलिसिस झेपणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलेलं... तरी शेवटच्या दिवसांत तो बरा होतोय असं मला ठाम वाटत होतं. का वाटत होतं, ते सांगायला आज लिहायला बसलेय.

आमचे वडील धुळ्याकडून लूमवर कामाला सुरतेत आले. प्रकाशने डिप्लोमा केला आणि उधन्याला इंजिन दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप टाकलं. मिलचे जुने जनरेटर त्याच्याकडे यायचे. काम झालं की तो डिझेलचा कॅन वजनकाट्यावर ठेवायचा, इंजिन तासभर लोडवर चालवायचा आणि कॅन कितीने हलका झाला ते बघायचा. बाकीचे लोक लिटरात मोजत. "लिटरवर इस्वास नको ठेवू, आक्का," तो म्हणायचा. "उनमा डिझेल फुगस. वजन फुगत नही." मग ते ग्रॅम इंजिनाने केलेल्या कामाने भागायचे. कुणी हॉर्सपॉवरमागे हिशेब मागे, कुणी किलोवॅटमागे. याचं त्यात आणि त्याचं यात करून द्यायची त्याला भारी हौस. जेवताना कुणी सहज एखादा आकडा बोललं, तरी याचा प्रश्न ठरलेला... "कशामागे?" सुनंदाला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी तिचं वय सांगितलं, तर मी त्याला कोपराने ढोसून म्हटलं, आता चांद्र वर्षं की सौर ते विचारू नकोस. सुनंदाने ते ऐकलं होतं. पुढे कितीतरी वर्षं ती त्यावरून त्याला चिडवायची.

मग एका डाईंग मिलचं मोठं काम निघालं, तिथले सगळे जनरेटर नव्याने बांधायचं. तासाभराच्या एका किलोवॅटमागे किती ग्रॅम डिझेल लागेल ते त्यांनी विचारलं होतं. प्रकाशने प्रामाणिकपणे दोनशे एकतीस सांगितलं. दुसऱ्या एकाने एकशे ऐंशी सांगितलं, पण हॉर्सपॉवरमागे. किलोवॅट हॉर्सपॉवरपेक्षा मोठा. त्या माणसाचा आकडा किलोवॅटमध्ये आणला तर दोनशे पंचेचाळीसच्या घरात जातो, म्हणजे डिझेल जास्त पिणारं इंजिन त्याचंच. प्रकाशने शेठना परोपरीने समजावलं. शेठ हसून म्हणाले, "प्रकाशभाई, मने तो नानो आंकडो देखाय छे." त्यांना दिसत होता तो फक्त लहान आकडा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिथून तो थेट माझ्याकडे आला. मी भाकरी थापत होते. परातीकडे बोट दाखवून म्हणाला, "भाकर मोठी थापी तं पीठ जास्तीच लागी ना, आक्का? यामा काय समजायसारखं नही?" मला समजलं. पण मी समजून काय उपयोग! ते काम गेलं, त्याच्या पाठोपाठ बाकीच्या मिलही गेल्या, वर्कशॉप बंद पडलं आणि तो हजीऱ्याला दुसऱ्याच्या हाताखाली शिफ्टवर जाऊ लागला. माझा भाऊ तिथेच संपला. आजाराने नंतर फक्त उरलंसुरलं नेलं.

आजारपणात रक्ततपासणी नेहमी एकाच ठिकाणी व्हायची. एकदा ते बंद होतं म्हणून दुसरीकडे केली. रिपोर्ट मीच आणला. युरिया आधी दीडशे असायचा, तो आता सत्तर! मी वाटेतच पेढे घेतले. त्याच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून त्याला आकडा वाचून दाखवला. त्याने कागद हातात घेतला, बराच वेळ धरला... आणि पेढ्याचा कण तोंडात टाकून म्हणाला, "गोड शे." त्यानंतर मी रोज जाऊन बडबडत होते. दिवाळीला सप्तशृंगीला जाऊ, तुला पायऱ्या झेपणार नाहीत तर वरपर्यंत गाडी करू, सुनंदाला अमुक साडी घेऊ. तो हूं हूं करत ऐकायचा, मधेच एखादा शब्द बोलायचा.

तेराव्यानंतर भांडी आवरताना सुनंदा म्हणाली, "आक्का, तो आकडा उतरलाच नव्हता." पहिल्या ठिकाणी रक्तातल्या युरियाचं वजन देत, दुसऱ्या ठिकाणी त्या युरियातल्या फक्त नायट्रोजनचं. त्याने त्याच दुपारी पडल्या पडल्या मनात हिशेब केला होता. दीडशे काय नि सत्तर काय, रक्त तेवढंच बिघडलेलं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "ते म्हणाले, आक्काले काही सांगू नको. तिले हासू दे."

मला त्याचा राग येतो. साध्या एका आकड्यासाठी शेठशी भांडला, माझ्याशी का नाही भांडला? मी पेढे फेकून दिले असते, त्याचा हात धरून बसले असते, विचारलं असतं की बाबा, भीती वाटते का... जे सांगायचं ते तो बोलला असता, नाहीतर दोघं गप्प बसलो असतो. तेवढंच आमच्या हातात होतं. मी मात्र त्याला दिवाळी सांगत राहिले, आणि आपण दिवाळी बघणार नाही हे माहीत असलेला माझा भाऊ, माझा विरस होऊ नये म्हणून, कुठल्या रंगाची साडी घ्यायची ते मला सांगत होता.