सुलभाला विचारत येणारी माणसं

वॉर्डातले किस्से घडी करून ठेवलेल्या चादरींसारखे साठतात. एक ओढली की चार अंगावर येतात. मी ते घरी वहीत उतरवते. वही चाळली की पानोपानी सुलभाच दिसते. रायपूर राजधानी झालं, त्याच सुमारास आम्ही दोघी इथे नर्स म्हणून लागलो. तिला विचारत बरे झालेले पेशंट मिठाई घेऊन येतात. मला विचारत कोणी आलेलं नाही. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

*

बीरगांवचा एक माणूस सलाईन उशिरा बदललं म्हणून माझ्यावर ओरडला. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तो सुलभावर ओरडला. तिने स्टूल पुढे सरकवलं.

"बैठ के चिल्लाओ भैया, खड़े-खड़े थक जाओगे."

तो बसला. डिस्चार्जच्या दिवशी तिच्या पाया पडून गेला.

*

नवा रायपूरहून एक मॅडम आम्हाला ताण कसा सोसायचा ते शिकवायला आल्या. "आँखें बंद कीजिए, कोई शांत जगह सोचिए."

मी चार पानं नोट्स काढल्या. सुलभा घोरायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "देखिए, इनसे सीखिए."

*

'आज वॉर्ड शांत आहे' असं नर्सनं ड्युटीवर बोलायचं नसतं. बोललं की गर्दी आलीच. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं. अर्ध्या तासात सिलतऱ्याच्या कारखान्यातून भाजलेले तीन कामगार आले. सगळ्या माझ्याकडे पाहून राहिल्या. सुलभा हातमोजे चढवत होती.

"बोलली तं बोलली. आता गॉझ आण."

तिने निदान चिडायला तरी हवं होतं.

*

त्या तिघांतल्या एकाची ड्रेसिंग तीन आठवडे मीच केली. मास्क, टोपी, गाऊन. तो गेला. नंतर कितीतरी दिवस त्या बेडजवळून मी मान खाली घालून जायचे.

महिन्याभराने त्याची आई घरी तळलेल्या बेसनाच्या ठेठरीचा डबा घेऊन आली. "पट्टी वाली दीदी कहां हे?"

मी समोरच उभी होते. पण तिने माझे फक्त डोळे पाहिलेले. तिने शेजारच्या सुलभाचा हात धरला.

"मोर बेटा के पट्टी तहीं करत रहे न?"

मला 'मी' म्हणायचं होतं. मी हातातल्या चादरीची घडी घालत राहिले. सुलभाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हव दाई," ती म्हणाली.

बाई तिच्या गळ्यात पडली. अर्धा तास रडली. तो काय बोलायचा, शेवटी पाणी मागितलं का, सगळं विचारत राहिली. सुलभा तिची पाठ थोपटत राहिली. इतक्या वर्षांत एकच माणूस माझ्यासाठी आलं, आणि तेही हिनेच घेतलं.

बाई गेल्यावर ड्युटी रूममध्ये मी तिला धरलं. "ती मले विचारत आली होती. तू काहून हो म्हटलं?"

सुलभाने ओला झालेला खांदा पुसला आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"डबा तुलेच आहे. रडणं तेवढं मी घेतलं."