साडेतीनची गाडी

कॉलेजातले कंप्युटर माझ्या गळ्यात पडले ते माझं अक्षर चांगलं म्हणून. मी मुरबाडला कॉमर्स शिकवायचो, घर शहापूरला. कंप्युटर चालू कुठून करतात हेही मला ठाऊक नव्हतं. पण प्राचार्य म्हणाले, "शिकवायला कल्याणहून मास्तर येईल, तुम्ही फक्त रजिस्टर नीट ठेवा." मला नाही म्हणता आलं नाही. कुठेही नाही म्हणायला मला नेहमीच उशीर होतो.

त्याआधीची दहा वर्षं, म्हणजे जवळजवळ सगळं नव्वदचं दशक, मी एसटीने ये-जा केली. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड. कुठली गाडी किती वाजता लागते, कुठली बंद झाली, कुठल्या गाडीचा कंडक्टर हात दाखवला तरी थांबत नाही, सगळं तोंडपाठ. माझे अर्धे विद्यार्थी त्याच स्टँडवर असायचे. कोण कुठल्या वाडीचा, कुणाला उतरल्यावर किती चालायचं आहे, हे मला हजेरी न घेता कळायचं. मग मी स्कूटर घेतली. कंप्युटर आले ते त्यानंतर, नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाल्यावर.

सहा कंप्युटर होते. प्राचार्यांनी नारळ फोडला, प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक काढलं. खोलीत चपला घालून यायचं नाही असा नियम झाला. पोरं पाय पुसून आत यायची आणि देवळात उभं राहावं तशी हात जोडल्यासारखी उभी राहायची. कळफलकाला बोट लावायला कुणी धजायचं नाही. मी त्याला शिस्त समजत होतो.

कल्याणचा मास्तर दुपारनंतरच मोकळा व्हायचा, म्हणून प्रॅक्टिकल चार ते साडेपाच. पाऊण हजेरी भरली की वर्षाच्या शेवटी एक सर्टिफिकेट मिळायचं, खाली माझी सही. नोकरीच्या जाहिरातींत तेव्हा 'संगणकाचे ज्ञान आवश्यक' असं नुकतं छापून यायला लागलं होतं. आमच्या भागातल्या पोरांना कारकुनीच्या दारापर्यंत नेईल असा तो एकच कागद होता.

पहिला महिना खोली भरलेली असायची. मग मुरबाड गावातली पोरं तेवढी राहिली. टोकावड्याच्या पलीकडची, डोंगरालगतच्या वाड्यांवरची पोरं दिसेनाशी झाली. मी लाल शाईने गैरहजेरी लावत गेलो. स्टाफरूममध्ये म्हणायचोही, "यांना ताटात वाढून दिलं तरी हात धुवायचा कंटाळा." लोक माना डोलवायचे.

त्याच वर्षी विद्यापीठाची समिती यायची होती. विद्यार्थ्यांना कंप्युटरबद्दल काय वाटतं ते फॉर्म भरून घेऊन कळवा, असं पत्र आलं. प्राचार्यांनी मला बोलावलं. "चारची वेळ ठेवायची की सकाळची करायची, तेही यातूनच ठरवू. मास्तर पहाटे निघायला तयार आहे. पण पोरांची मागणी दिसली पाहिजे."

दहा प्रश्न होते. प्रत्येकाला एक ते पाच यांपैकी मार्क द्यायचे. खाली सूचनांसाठी दोन ओळी. नाव लिहायचं नव्हतं. मी फॉर्म वाटले तर पोरं परीक्षेला बसल्यासारखी अंतर ठेवून बसली. एकाने पुरवणी मिळेल का म्हणून विचारलं. मला हसू आलं.

सगळे फॉर्म घरी आणून तपासायला बसलो. पहिल्यात दहाही प्रश्नांना पाच. दुसऱ्यात पाच. तिसऱ्यात पाच. गठ्ठा संपेपर्यंत पाचच. 'प्रॅक्टिकलची वेळ सोयीची आहे का?' यालाही पाच. जी पोरं महिनोन् महिने फिरकली नव्हती, त्यांनीसुद्धा पाच. सूचनांच्या जागी बहुतेकांनी काही लिहिलं नव्हतं. काहींनी 'कंप्युटर फार छान आहेत' असं लिहिलं होतं. एका फॉर्मवर मात्र, वर सगळीकडे पाच देऊन, खाली एकच ओळ होती : 'गाडी साडेतीनला सुटते.'

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. "विचारलं कंप्युटरचं, उत्तर आलं एसटीचं," असंही वर म्हणालो. मोठा हशा झाला. सगळ्यात मोठा माझाच.

अहवाल मी माझ्या देखण्या अक्षरात लिहिला. 'वेळेबाबत विद्यार्थी पूर्णतः समाधानी आहेत.' त्या एका फॉर्मपुढे शेरा मारला, 'विषयाशी संबंधित नाही.' समितीने अहवालाचं कौतुक केलं. वेळ चारचीच राहिली.

परीक्षा जवळ आल्यावर एक मुलगी माझ्याकडे आली. शेवटच्या वर्षाची, टोकावड्याच्या आतल्या एका वाडीवरची, वर्गात पुढच्या बाकावर बसणारी. हातात सर्टिफिकेटचा अर्ज होता. शहापूरच्या एका ऑफिसात ऑपरेटरची जागा निघाली होती आणि आठ दिवसांत कागद द्यायचे होते. मी रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढे पहिला महिना सोडला तर लालच लाल.

"काय गं, वर्षभर आली नाहीस आणि आता सही पाहिजे?"

मी पुढे बरंच बोललो. फुकट, आयतं, असले शब्द वापरले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मी लिवलं होतं, सर."

मला वाटलं, रजेचा अर्ज लिहिला असेल. "लिहून काय होतं? यावं लागतं," मी म्हणालो आणि तिचा अर्ज फायलीत लावून टाकला. ती 'बरं सर' म्हणाली आणि गेली.

पुढच्या वर्षी कॉलेज सुरू झालं आणि महिन्याभरात माझी स्कूटर बंद पडली. गॅरेजवाल्याने दोन दिवस ठेवून घेतली. त्या दिवशी मला जरा बरं नव्हतं, म्हणून तास संपल्यावर लवकरच निघालो आणि किती तरी वर्षांनी मुरबाड स्टँडवर येऊन उभा राहिलो. फलाटाला टोकावड्याच्या आत जाणारी गाडी लागली होती. खिडक्यांतून माझेच विद्यार्थी दिसत होते. रजिस्टरमध्ये ज्यांच्यापुढे पुन्हा लाल शाई पडू लागली होती तेच सगळे, ओळीने बसलेले. मला बघून काहींनी माना खाली घातल्या.

मी कंट्रोलरला विचारलं, यानंतरची गाडी कधी?

"आता उद्या पहाटे. संध्याकाळची मुक्कामाची गाडी बंद झाली ना, सर, वरचा रस्ता खचला तेव्हापासून. वर्ष होत आलं." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमी दिसत नाय हल्ली."

घंटी झाली. गाडी सुटली. स्टँडच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

मी घरी न जाता कॉलेजात परत गेलो. सुतळीने बांधलेला फॉर्मचा गठ्ठा कपाटात होता, तो सोडला. ती ओळ सापडली. मग फायलीतून त्या मुलीचा अर्ज काढला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. अक्षर ओळखायला मला वेळ लागत नाही. मला एवढीच एक गोष्ट येते. दोन्ही कागद एकाच हातचे होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की शिपाई कुलूप लावायला आला तरी उठवेना.

प्राचार्यांना सांगून प्रॅक्टिकल सकाळी आठला आणलं. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. पंधरा दिवसांत खोली भरली. वरातीमागून घोडं. शहापूरच्या ऑफिसातली ती जागा केव्हाच भरली होती.

तिची गाठ पडली ती आणखी चार-पाच वर्षांनी, टोकावड्याला. मी एका लग्नाहून परतत होतो. ढाब्यासमोर गाड्या थांबतात तिथे ती उभी होती, पायाशी तांदळाची पिशवी, कडेवर लहान मुलगी. तिनेच हाक मारली. मी नजर चुकवली असती, खोटं कशाला बोलू.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हणालो, "तुझी ती ओळ मला तेव्हा कळली नाही गं. फार मोठी चूक झाली माझी."

ती क्षणभर गोंधळली, मग तिला आठवलं. "जाऊ द्या ना, सर."

"पण मग वेळेच्या प्रश्नाला पाच का दिलेस? एक द्यायचा. सगळ्यांनीच पाच का दिले?"

"आमी ठरवलं होतं सगळ्यांनी. कमी मार्क दिले नं, तर कंप्युटर उचलून नेतील, असं वाटायचं. आमच्या वाडीवरचा पंप नेला होता तसाच. साहेब आलेले, कोणी तरी बोललं पाणी कमी येतं, तर दुसऱ्या दिवशी पंपच काढून नेला." ती हसली. "आपल्याला नाय तर नाय, मागच्या पोरांना तरी मिळू दे, म्हणून दिले पाच. ती एक ओळ मीच ऱ्हावलं नाय म्हणून लिवली. बाकीची रागावली पण मला."

मी सांगितलं की आता प्रॅक्टिकल सकाळी असतं, तिच्या वाडीची तीन मुलं येतात. "बरं झालं," ती म्हणाली आणि कडेवरच्या मुलीचं टोपडं सरकलं होतं ते नीट केलं.

"तुझं कसं चाललंय?" मी विचारलं.

"चांगलंय, सर. सगळं चांगलंय."

पाचपैकी पाच. आता मला ते वाचता येत होतं. खाली एखादी ओळ असेल म्हणून मी गप्प उभा राहिलो, तिच्या तोंडाकडे बघत. पण तिने पिशवी उचलली होती. तिची गाडी आली होती.