लय कोण ओढतं

त्याला ‘उस्ताद’ ही पदवी त्याच्या मेहुण्याने दिली होती, तीही लग्नाच्या जेवणानंतर, हात धुता धुता, निव्वळ चेष्टेत. बाकीचे हसले आणि विसरून गेले. याने मात्र ती मनावर घेतली. थोड्याच दिवसांत दारावर नवी पाटी लागली आणि तिच्यावर नावाच्या आधी ‘उस्ताद’ असं नावापेक्षाही ठळक रंगवलेलं होतं. मेहुणा पुढे जन्मभर स्वतःच्या जिभेला दोष देत राहिला.

तेव्हा हा उस्ताद करत काय होता? चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवत होता. एकटा नव्हे, व्हायोलिनवाल्यांच्या घोळक्यात, शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. पडद्यावर नायिका रडायला लागली की सगळ्यांनी एकदम गज ओढायचा, तिने डोळे पुसले की थांबायचं. हात चांगला होता त्याचा, हे कबूल केलं पाहिजे. सूर पक्का, बोटं चपळ. पण घरी येऊन तो बायकोला सांगायचा, “आज मी तिला रडवलं.” बाकीचे सगळे जणू गज हातात धरून माश्या मारत बसले होते. बायको ‘हो का’ म्हणायची आणि ताट वाढायची.

मग जागतिक संगीताची लाट आली. चार देशांची वाद्यं एका मंचावर आणून ठेवली की माणसामाणसांतली भांडणं मिटतात, असा एक समज त्या दिवसांत पसरला होता. तो पसरवणारी मंडळी हॉटेलात मोठी खोली कोणाला मिळाली यावरून आपसांत भांडायची, ती गोष्ट वेगळी. अशाच एका आयोजकाने, ज्याच्या गळ्यात उन्हाळ्यातही लोकरीचं रंगीत फडकं असायचं, तिघांना एकत्र आणलं. एक आपला उस्ताद. दुसरा एका थंड देशातला धिप्पाड ढोलवाला. तिसरी डोंगराळ मुलखातली गायिका. ती गाताना डोळे मिटायची आणि गाणं संपलं तरी टाळ्यांचा अंदाज घेऊन मगच उघडायची. तिघांच्या तीन भाषा, एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. आयोजक म्हणाला, हीच तर गंमत आहे, सुरांना भाषा लागतच नाही.

आणि ते चाललं की! पहिली रेकॉर्ड गाजली. चित्रपटवाले दारात यायला लागले. एक दिग्दर्शक म्हणाला, “काहीतरी वाळवंटासारखं द्या.” उस्तादाने वाळवंट उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, ढोलवाल्याच्या देशात तर अर्धं वर्ष बर्फ. तरी त्यांनी ते देऊन टाकलं, आणि पेपरात छापून आलं की ऐकताना घशाला कोरड पडते. दुसऱ्याला समुद्र हवा होता, त्याला तेच वाळवंट थोडं उलटसुलट करून दिलं. त्याचंही कौतुक झालं. उस्तादाचे पाय जमिनीवर ठरेनात. मुलाखतींत तो ‘आम्ही’ म्हणून सुरुवात करायचा आणि तिसऱ्या वाक्याला ‘मी’वर यायचा.

एक सवय त्याला याच काळात जडली. समोरच्याला आपली भाषा कळत नाही, हे एकदा ध्यानात आल्यावर तो बिनधास्त तोंडसुख घ्यायला लागला. भर मंचावर, चेहऱ्यावर मधाळ हसू ठेवून तो गायिकेला म्हणायचा, “मिट गं बाई, मिट डोळे, आरशात पाहायला नको.” ढोलवाल्याकडे मान झुकवून म्हणायचा, “बडव रे रेड्या, बडव.” ढोलवाला छातीवर हात ठेवून वाकायचा. लोकांना वाटायचं, काय हा एकमेकांबद्दलचा आदर! पहिल्या रांगेतल्या बायका डोळे टिपायच्या. हे तो घरी रंगवून रंगवून सांगायचा आणि स्वतःच पोट धरून हसायचा.

“त्या माणसाने काय वाकडं केलंय हो तुमचं?” बायको विचारायची.

“अगं, गंमत आहे ती. त्याला कुठे कळतंय?”

दहा-बारा वर्षं अशी गेली. मग सकाळी उठल्यावर डाव्या हाताची करंगळी ताठ राहायला लागली. काही दिवसांनी शेजारच्या बोटानेही तिचंच पाहून आळस धरला. उस्तादाने आधी तारा बदलल्या. मग हवेला नावं ठेवली. मग ज्याने व्हायोलिन दुरुस्त केलं त्या कारागिराच्या सात पिढ्या काढल्या. बायको गरम पाण्याची पिशवी आणून मुकाट्याने त्याच्या हाताखाली ठेवायची. एकदा ती म्हणाली, “डॉक्टरांना दाखवून या ना.” तर तो असा भडकला, की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. पिशवी मात्र ती रोज आणत राहिली.

आणि गंमत अशी, की कार्यक्रमात काहीच बिघडत नव्हतं. पूर्वी ज्या जागा तो धावत घ्यायचा त्या आता सावकाश, डौलात यायला लागल्या. लोक म्हणाले, उस्तादाचं वाजवणं खोल झालं. त्यालाही ते पटलं. खोल झालं म्हणजे झालंच असणार, आपल्याकडून दुसरं काय होणार! फक्त एक गोष्ट त्याला खटकायची. ढोलवाला हल्ली लय ओढत होता. एकेकाळी जो वादळासारखा सुटायचा तो आता बैलगाडीच्या चालीने चालायचा. “म्हातारा झाला,” उस्ताद घरी म्हणाला. “त्याच्यामुळे मला थांबून थांबून वाजवावं लागतं.”

त्याच सुमारास तिघांवर माहितीपट काढायची टूम निघाली. दिग्दर्शक तरुण होता, बोलायचा फार हळू आवाजात, आणि प्रत्येक वाक्यानंतर खिडकीबाहेर पाहायचा. त्याने तिघांच्या घरी जाऊन चित्रण केलं. उस्तादाच्या दिवाणखान्यात दिवे लागले, पडदे ओढले गेले, सोफा हलवून भिंतीला लावला. दिग्दर्शकाचा दुभाषा म्हणाला, “तुमच्या भाषेतच बोला, अगदी मोकळेपणाने. साथीदारांबद्दल काय वाटतं?” त्या प्रश्नानंतर दुभाषा फोन घेऊन बाहेर गेला आणि समोर उरला एक शब्दही न समजणारा दिग्दर्शक, भक्तिभावाने मान डोलावत. एवढं मोकळं रान मिळाल्यावर उस्ताद कशाला थांबतोय! तो जो सुटला तो सुटलाच. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. माणसं गेल्यावर तिने विचारलं, “अहो, हे कोणीतरी नंतर भाषांतर करेल ना?”

“कोण करतंय! मागे माझं वाजवणं लावतील आणि माझा चेहरा दाखवतील. या लोकांना चेहरेच लागतात.”

माहितीपटाचा पहिला खेळ एका दुपारी होता. नवं कोरं चित्रपटगृह, गुबगुबीत खुर्च्या, आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीला विमानात असतो तसा एक छोटा पडदा. त्यावर ज्याच्या त्याच्या भाषेत अक्षरं उमटणार होती. ते छोटे पडदे पाहूनच उस्तादाच्या तोंडचं पाणी पळालं. डाव्या हाताला बायको बसली होती, उजव्या हाताला ढोलवाला. त्याने नवा कोट घातला होता आणि लहान मुलासारखा खूश होऊन तो उस्तादाच्या गुडघ्यावर थाप मारत होता.

आधी गायिका बोलली, मुख्यतः स्वतःबद्दल. मग ढोलवाला आला. त्याचं घर दिसलं, खिडकीबाहेर बर्फ, भिंतीवर टांगलेले ढोल. तो थांबून थांबून बोलत होता आणि समोरच्या छोट्या पडद्यावर उस्तादाच्या भाषेत अक्षरं उमटत होती.

‘त्याची बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत. करंगळी तर नीट उठतच नाही. त्याला हे कळलेलं नसावं, किंवा कळूनही बोलवत नसेल. म्हणून मी लय खाली धरतो. त्याला धावायची वेळच येऊ देत नाही. लोक म्हणतात ढोलवाला थकला. म्हणू देत. त्याच्या व्हायोलिनशेजारी बसायला मिळतं, त्यापुढे हे काहीच नाही. वाजवताना तो माझ्याकडे वळून काहीतरी बोलतो. मला अर्थ कळत नाही, पण त्या हसण्यावरून वाटतं, आशीर्वाद असावा.’

उस्तादाला लाज वाटली. खरीखुरी लाज. असली लाज त्याला यापूर्वी कधी वाटलेली नव्हती, त्यामुळे हे नक्की काय होतंय हे समजायलाही त्याला थोडा वेळ लागला. आणि समजेपर्यंत मोठ्या पडद्यावर त्याचा स्वतःचा दिवाणखाना आला होता. उठून वीज तोडावी, बेशुद्ध पडावं, काहीही करावं, पण हे थांबवावं, असं त्याला झालं. त्याने काहीही केलं नाही. पडद्यावर मोठ्ठा चेहरा करून तो हसत हसत सांगत होता.

“ढोलवाला? अहो, तो ढोल वाजवत नाही, गादी झोडपतो. पूर्वी अंगात जोर तरी होता. आता नुसती लय ओढतो. त्याच्यापायी मी अडकून पडलोय, नाहीतर कुठल्या कुठे गेलो असतो. जाऊ दे, म्हातारा आहे, दया म्हणून सांभाळतो त्याला.”

लोक हसले. काहींना वाटलं, जुन्या मित्रांची थट्टा आहे. गुडघ्यावरचा ढोलवाल्याचा हात मात्र निघाला. रागाने झटकून नव्हे, आपला सावकाश उचलला गेला आणि नव्या कोटाच्या खिशात गेला.

टॅक्सीत बसल्यावर बायकोने आधी काच वर केली. मग म्हणाली, “माफी मागा त्याची.”

“कुठल्या भाषेत मागू?”

“नावं ठेवताना नाही आली ती भाषेची अडचण?”

तो म्हणाला, उद्या मागतो, कार्यक्रम झाला की मागतो, दुभाषा असेलच तिथे. माणूस जेवढा मोठा, तेवढी त्याची माफी उद्यावर जाते, आणि हा तर स्वतःच्या मते फारच मोठा होता.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला गर्दी लोटली होती. पडद्यामागे ढोलवाल्याने त्याला नेहमीसारखं मान लववून अभिवादन केलं. चेहऱ्यावर राग शोधावा तर राग नव्हता, रुसवा नव्हता. उस्तादाला हायसं वाटलं. चला, विसरला, साधा माणूस आहे, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

शेवटी ती पहिल्या रेकॉर्डमधली, सगळ्यांच्या ओळखीची धून आली. ढोलवाल्याने एकदा उस्तादाकडे नीट पाहिलं आणि हात टाकला. लय जुनी होती, दहा-बारा वर्षांपूर्वीची, वादळासारखी. सूड म्हणावा तर त्यात सूडही नव्हता. आपण मित्राला अडवून ठेवतोय असं त्याने काल वाचलं होतं, म्हणून त्याने वाट मोकळी करून दिली, इतकंच. आणि वाजवत काय होता तो! म्हातारा म्हणे! लोक खुर्च्यांच्या कडेला सरकले.

उस्ताद पहिल्या ओळीत टिकला. दुसरीत बोटं अडखळली. तिसऱ्या ओळीत करंगळी उठलीच नाही आणि जिथे सूर हवा होता तिथे नुसता गज घासल्याचा आवाज आला. गायिकेने चक्क डोळे उघडले. समोर बायको मांडीवरच्या रुमालाकडे पाहत होती. उस्ताद ढोलवाल्याकडे वळला. त्याला एकच गोष्ट सांगायची होती, की जरा हळू, बाबा, हळू घे, माझ्याने होत नाही.

पण ‘हळू’ला ढोलवाल्याच्या भाषेत काय म्हणतात, ते त्याला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने ते कधी विचारलंच नव्हतं.