आईचं तेलकट डोकं आणि गाडीच्या काचा

मंडळी, आज माझीच मला लाज वाटतेय, म्हणून लिहितेय.

डोळे तपासायला आईला आलापल्लीहून चंद्रपूरला माझ्या घरी आणत होते. दुपारचं ऊन समोरून आलं आणि पुढच्या काचेवर आतून बसलेला पांढुरका थर असा चमकला की समोरचा ट्रकच दिसेना. कसाबसा ब्रेक दाबला. आणि राग निघाला आईवर. ती बाजूच्या काचेला डोकं टेकवून झोपली होती.

"आई, तेलकट डोकं काचेला लावू नको! बघ, सगळ्या काचा कशा झाल्या!"

ती दचकून उठली. डोक्यावर पदर घेतला आणि घर येईपर्यंत ताठ बसून राहिली.

संध्याकाळी काचा पुसायला घेतल्या. आईच्या काचेवर तळहाताएवढा डाग होता. थर मात्र सगळीकडे होता, जिथे कुणाचं डोकं पोचत नाही तिथेही. नवरा म्हणाला, "अवं, तूच दर रविवारी डॅशबोर्डले पॉलिश मारते ना? उन्हात गाडी तापली का तेच उडून काचेवर बसते."

ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं पुसल्यावर काचा लख्ख झाल्या.

आत जाऊन आईला खरं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे बाई. परत जाताना मी बसनंच जातो. मंग तुही गाडी खराब नाई होत."



ऑफिसातल्या मॅडमनी डोकं टेकवलं असतं, तर मी चकार शब्द काढला नसता. खरं सांगा, आपल्याच माणसांवर आपण इतक्या पटकन काऊन ओरडतो?