लोखंडाला अहो म्हणणारे तात्या

तात्या मेस्त्री गाडीच्या मालकाला अरे-तुरे करायचे आणि गंजलेल्या बोल्टला अहो-जाहो. गाडीखाली पाठीवर पडून "येवा म्हाराजा, भायर येवा, कितको मान होयो तुमका?" अशी बोल्टाची मनधरणी चाललेली असायची, आणि बाजूला कुठल्याशा कंपनीतला मोठा माणूस "तू गप ऱ्हव रे" ऐकून मुकाट उभा असायचा. जोगेश्वरीच्या आमच्या गल्लीत कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "लोखंड रुसला तर मोडता गो. माणूस रुसलो तर चाय पिऊन परत येता."

घाई त्यांना मुळीच खपायची नाही. अडकलेल्या भागाला तेल पाजायचं आणि स्वतः शांतपणे पान लावत बसायचं. कुणी कुरकुर केली की हातोडा त्याच्याच हातात द्यायचे. "घे, तूच मार. मगे माझ्याकडे येव नको." अशा माणसाकडे गाडी देणं म्हणजे संयमाची परीक्षा, असं आख्खी गल्ली म्हणायची आणि आख्खी गल्ली त्यांच्याकडेच गाडी न्यायची.

आमची गाडी म्हणजे गोल दिव्यांची, स्टेअरिंगजवळ गिअर असलेली, बाबांनी तरुणपणी घेतलेली. आता बाबांचं विसरणं फार वाढलं होतं. मलाही कधी कधी "ताई, तुम्ही कुठून आलात?" असं विचारायचे. पण संध्याकाळी त्यांना गाडीत शेजारी बसवून एक चक्कर मारली की माणूस पुन्हा माणसात यायचा. कुठला रस्ता कुठे निघतो, क्लच कसा सोडायचा, सगळं बिनचूक. त्या चकरेवर आमचं घर तगून होतं, खोटं कशाला बोलू!

आणि नेमकी ती गाडी पुलाच्या चढावर खट् करून थांबली. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण चाकं ढिम्म! ढकलत घरी आणली. तात्यांनी मागचं चाक उतरवलं, वाकून बघितलं आणि म्हणाले, "एक्सल मोडलो." म्हणजे चाक फिरवणारा दांडा. त्याचा अर्धा तुकडा बाहेर आला, उरलेला आत, दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्यात रुतून बसलेला. त्या संध्याकाळपासून बाबा बूट घालून दारात उभे. "गाडी काढ ना गं. उशीर होतोय." आई समजावून समजावून रडकुंडीला आली. बाबा जेवेनात, झोपेनात, आमच्यावर ओरडायला लागले.

तात्यांनी क्लचच्या जुन्या केबलचा फास केला आणि दांडा ज्यातून जातो त्या पोकळ नळीतून आतल्या तुकड्यावर टाकायला लागले. फास बसायचा आणि सुटायचा. तेल, पान, पुन्हा फास. बाबा खाली येऊन त्यांच्या डोक्यावर उभे राहिले. येणारे-जाणारे बाबांच्या तोंडावर मला विचारायचे, "यांना आता काही कळतं का गं?" तात्या थेट बाबांनाच विचारायचे. "सायब, ओढू? की तेल मुरांदे?" बाबा विचार करून म्हणायचे, "थांबा थोडं." आणि तात्या खरंच थांबायचे! माझा जीव नुसता वरखाली.

शेवटी फास धरला आणि "येवा, येवा" करत तो तुकडा बाहेर आला. नवा एक्सल कुर्ल्याहून आणून तयारच होता. तो पुसता पुसता तात्यांनी मोडलेले दोन्ही तुकडे बाबांच्या हातात ठेवले. बाबा स्टुलावर बसले, तुकडे एकमेकांना लावून फिरवत राहिले. एका जागी त्यांचा अंगठा थांबला.

"इथला तुकडा नाहीये," बाबा म्हणाले.

"अहो तात्या, त्यांचं काय मनावर घेता?" आई कळवळून म्हणाली. "घाला ना तो नवा. आज तरी फिरू दे त्यांना."

तात्यांनी नवा एक्सल खाली ठेवला. "सायबांनी सांगितल्यानी नाय, म्हणजे नाय." त्यांनी तो अख्खा गोळा खोलला. काळं तेल परातीत काढून त्यात बोटं फिरवत बसले. नखाएवढी कपची सापडली. आतच राहिली असती तर गिअरच्या दातांची वाट लागली असती. तात्यांनी ती पुसून बाबांच्या तळहातावर ठेवली, बाबांनी जागेवर बसवली, ती चपखल बसली. कित्येक महिन्यांत कुणी त्यांचं म्हणणं खरं मानलं नव्हतं. बाबा असे हसले की आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

तात्या पुढे गुडघ्यांनी बेजार झाले, गावी गेले आणि तिथेच वारले. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. एक्सल काय, दुसऱ्या कुणीही काढला असता.

गाडी दुरुस्त झाली त्या संध्याकाळी मी चालवायला, बाबा शेजारी, आणि आवाज ऐकायला तात्या मागे. फाटकाबाहेर पडताच बाबा मागे वळले. घरचे यजमान असावेत तसे म्हणाले, "तुम्हाला कुठे सोडायचं?"

तात्यांची खोली आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच. त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं.

"दिंडोशीक सोडा, सायब. पण लांब पडात तुमका."

"लांब कसलं! गाडी आहे ना आपली!"

बाबांनी रस्ता सांगितला, वाटभर मला चालवायला शिकवलं. दिंडोशीला तात्या उतरले, खिडकीशी येऊन हात जोडले. "पुन्हा लागलं तर संकोच करू नका," बाबा म्हणाले.

"सांगान, सायब."

मी गाडी वळवली. आरशात तात्या दिसत होते, घरी परतायची बस धरायला रस्ता ओलांडत होते.